त्या दिवशी म्हैस उपाशी राहिली का?

११ फेब्रुवारी १९९७. कळंबच्या एका गोठ्यात मी उकिडवी बसून केरसुणीने मोटारसायकल झाडत होते. मोटारसायकल म्हणजे तिचं जे काही उरलं होतं ते. पुढचं चाक चेपलेलं, हेडलाइटची काच गेलेली, सीटवर कोंबड्यांनी मुक्काम केलेला. धडक किती उंचीवर बसली ते कळावं म्हणून मला हँडलची जमिनीपासूनची उंची मोजायची होती, आणि धुळीमुळे पोचा कुठून सुरू होतो तेच दिसत नव्हतं.

"वकीलबाई, द्या हिकडं, मी झाडतो," युनूसभाई म्हणाले. ते काठीवर भार देऊन दारात उभे होते.

"नको. तुम्ही लांबच राहा. तुमचा हात लागला की उद्या म्हणतील, यांनीच काहीतरी करून ठेवलं."

मी बारामतीत वकिली करते. बहुतेक कामं दिवाणी: बांधाची भांडणं, वाटण्या आणि अपघाताचे भरपाईचे दावे. हा दावा मुमताजचा होता. मुमताज ही युनूसभाईंची धाकटी बहीण, डाळजला दिलेली. तिचा नवरा सलीम हायवेला पंक्चरचं दुकान चालवायचा. दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत तो सासुरवाडीला कळंबला आला होता. दिवेलागणीला युनूसभाई त्याला मोटारसायकलवरून डाळजला सोडायला निघाले. वाटेत जंक्शन नावाचं गाव लागतं, त्याच्या अलीकडे कालव्याच्या पुलाचा चढ आहे. त्या चढावर उसाने भरलेली एक ट्रॉली कारखान्याकडे चालली होती. मोटारसायकल मागून तिच्यावर आदळली. सलीम दवाखान्यात पोचायच्या आत गेला. युनूसभाईंचा पाय मोडला, डोक्याला मार बसला. शुद्धीवर आले तेव्हा कळंब सोडल्यानंतरचं त्यांना काहीही आठवत नव्हतं.

पोलिसांनी गुन्हा युनूसभाईंवरच नोंदवला. भरधाव वेग, हयगय, मेहुण्याचा मृत्यू. तो फौजदारी खटला इंदापूरच्या कोर्टात चालू होता. मुमताजचा भरपाईचा दावा बारामतीच्या अपघात न्यायाधिकरणापुढे होता. त्यात एका बाजूला ट्रॅक्टरचा मालक आणि त्याची विमा कंपनी, आणि कागदोपत्री विरुद्ध बाजूलाच तिचा सख्खा भाऊ.

इथे थोडं समजावून सांगते. अपघात झाला की दोष कुणाचा हे न बघता एक ठरावीक रक्कम मिळते. ती मिळाली होती आणि संपलीही होती. खरी भरपाई हवी असेल तर समोरच्याची हयगय सिद्ध करावी लागते. हयगय म्हणजे वाईट हेतू नव्हे. साध्या शहाण्या माणसाने जी काळजी घेतली असती ती न घेणं, एवढंच. आणि सिद्ध करणं म्हणजे फौजदारीसारखं संशयाला जागाच न ठेवणं नव्हे. दोन्हीकडचं ऐकून न्यायाधीशांना आपलं म्हणणं जास्त पटलं पाहिजे.

विमा कंपनीचं म्हणणं सरळ होतं. मागून येऊन जो धडकला त्याची चूक. तसं ठरलं तर मुमताजने भरपाई मागायची ती भावाकडे. त्याच्या मोटारसायकलच्या विम्यात मागे बसणारा धरलेला नव्हता. म्हणजे भावाचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान विकायचं आणि बहिणीने घ्यायचं. पण मुमताजला त्याहून मोठा प्रश्न होता. नवरा गेल्याच्या चाळिसाव्या दिवसानंतर तिने माहेरात पाऊल ठेवलं नव्हतं. भावाने आपल्या नवऱ्याला मारलं की नाही, हे तिला कोर्टाकडून ऐकायचं होतं.

त्या दिवशी मी कळंबला धावतपळत आले त्याला कारण होतं. युनूसभाईंची इंदापूरची तारीख पुढच्या सोमवारी होती, आणि ते गुन्हा कबूल करणार असल्याचं कानावर आलं होतं.

"खरं आहे का ते?" मी उंची मोजता मोजता विचारलं.

"व्हय. आमचं वकील म्हनले, कबूल करून टाका, दंड भरा, मोकळं व्हा."

"कबूल काय करणार?"

"झोप लागली म्हनून. न्हायतर येवढी ट्रॉली दिसत न्हाय व्हय मानसाला?"

"झोप लागल्याचं आठवतंय तुम्हाला?"

"न्हाय."

"मग कशावरून म्हणता?"

"समदीच म्हनत्यात. मागनं धडाकलाय म्हनल्यावर दुसरं काय असनार?"

त्यांची आई शेण भरत होती. ती मान वर न करता म्हणाली, "दोन वरीस झालं, हेच. जेवाया बसला तरी झोपच लागली असंल म्हनतो. बहीन येत न्हाय तर म्हनतो, बरूबर हाय तिचं."

मी त्यांची वकील नव्हते, उलट कागदावर विरुद्ध बाजूची होते. त्यामुळे सल्ला देणं मला शोभणारं नव्हतं. मी एवढंच म्हणाले, "तुमच्या वकिलांशी बोला. पण जे आठवत नाही ते आठवतंय असं कुठल्याही कोर्टात सांगू नका. ती सुद्धा खोटी साक्षच."

मग मी परत मोटारसायकलकडे वळले, आणि केरसुणी थांबली.

हेडलाइटची कडी आणि पुढच्या चाकाचा दांडा यांच्या फटीत काहीतरी गच्च ठासलेलं होतं. वाळून तपकिरी झालेलं. मी बोट न लावता वाकून पाहिलं. उसाची पानं होती, आणि नुसती पानं नाहीत. पानांच्या बुडाशी कोवळी कांडी, चेचलेली. शेंड्यासकट. मूठभर तरी असतील.

"हे काय आहे?"

"उसाच्या ट्रॉलीला धडाकल्यावर ऊसच अडकनार की," आई म्हणाली.

बरोबर वाटतं ना? मलाही क्षणभर वाटलं. पण आमच्या भागात जो वाढला त्याला माहीत असतं की कारखान्याला जाणाऱ्या उसाला शेंडा नसतो. तोडणारे तो फडातच उडवतात. शेंड्यात साखर नसते, कारखाना तो घेत नाही. त्या हिरव्या शेंड्याला आम्ही वाढं म्हणतो, आणि ते जनावरांची वैरण म्हणून जातं. मग कारखान्याकडे निघालेल्या ट्रॉलीवर वाढं कुठून आलं? आणि ते मोटारसायकलच्या हेडलाइटच्या उंचीला, म्हणजे ट्रॉलीच्या मागच्या फळीपाशी, काय करत होतं? त्या फळीला आमच्याकडे फाळका म्हणतात.

 

मी सरपंचांना बोलावून घेतलं, गावातल्या फोटोग्राफरकडून त्यांच्यासमोर फोटो काढून घेतले. पण निघताना मला पक्कं माहीत होतं की याचा कोर्टात उपयोग नाही. मोटारसायकल दोन वर्षं युनूसभाईंच्या गोठ्यात, वैरणीच्या शेजारी पडून होती. विमा कंपनीचा वकील एका वाक्यात म्हणाला असता की तुम्हीच कोंबलं. ती खूण फक्त मला वाट दाखवणारी होती. पुरावा दुसऱ्या कुणाच्या तोंडून यायला हवा होता.

बारामतीला पोचताच मी युनूसभाईंच्या इंदापूरच्या वकिलांना फोन लावला.

"तुमच्या अशिलाला अपघात आठवत नाही. कबुली कशाची देताय?"

"मॅडम, दोन वर्षं झाली. त्या माणसालाच सुटका हवी आहे."

"एक तारीख पुढे घ्या. जास्त मागत नाही."

"मला काय सांगू त्याला?"

"सांगा, झोप लागली असेल तर महिन्याभरानेही लागलेलीच असेल."

ते हसले आणि तारीख घेतो म्हणाले.

रविवारी मी लोणी भापकरला गेले. ते माझं सासर. आमचा भाग कोरडा, ऊस थोडका. पण माझा धाकटा दीर विलास याने ट्रॅक्टर कारखान्याच्या वाहतुकीला लावला होता. मी पोचले तेव्हा ट्रॉली नुकतीच दारात येऊन उभी राहिली होती. ती अर्धी भरलेली होती, कारण वाटेत एक फड संपला आणि दुसरा संध्याकाळी भरायचा होता. ड्रायव्हर मागे जाऊन काहीतरी सोडत होता. फाळक्याच्या दोन्ही कोपऱ्यांना लोखंडी आकडे जोडलेले होते, आणि प्रत्येक आकड्याला कवेत न मावणारा वाढ्याचा भारा टांगलेला.

मी चहा तसाच ठेवून उठले.

"भाऊजी, हे आकडे कधी बसवले?"

"ट्रॉली घेतली तवाच. का?"

"भारा वर उसावर का टाकत नाही?"

"वर ऱ्हात न्हाय, वैनी. घसारतंय. समदी मागंच टांगत्यात. हितं हिरवं कुठं हाय? जनावरं जगवायची तर फडावरनं आनायलाच पायजे."

ड्रायव्हरने एक भारा उतरवला आणि त्याच्यामागून लाल रिफ्लेक्टर बाहेर आला. दुसरा उतरवला, तसा दुसरा रिफ्लेक्टर आणि त्याच्या शेजारी मागचा दिवा. दोन्ही ऐन कोपऱ्यात. आकडे बरोबर त्यांच्या वर. रोज माझ्यासमोरून अशा किती ट्रॉल्या गेल्या असतील, पण मी कधी वळून पाहिलं नव्हतं. कुणीच पाहत नाही. ती ट्रॉली म्हणजे आम्हाला रोजचा रस्ता.

आता प्रश्न एवढाच होता की अपघाताच्या दिवशी त्या दुसऱ्या ट्रॉलीला भारे होते का. पोलिसांच्या पंचनाम्यात भाऱ्याचं नाव नव्हतं. उलट त्यात स्वच्छ नोंद होती की ट्रॉलीच्या मागे दोन रिफ्लेक्टर आणि दिवा सुस्थितीत आहे. पंचनामा म्हणजे पोलिसांनी पंचांसमोर जागेवर जे दिसलं ते लिहून काढणं. पण पोलीस पोचतात अपघातानंतर. अपघाताच्या क्षणी काय दिसत होतं ते पंचनाम्याला माहीत नसतं.

हे सांगू शकणारा माणूस एकच होता, तो ट्रॅक्टरचा ड्रायव्हर. आणि तो विमा कंपनीचा साक्षीदार. त्यांनी त्याला आणलंच नाही तर माझ्या हातात नुसते फोटो.

मार्चमधल्या तारखेला विमा कंपनीचे वकील पुण्याहून आले. उंच, गोरे, नेहमी घड्याळाकडे बघणारे. व्हरांड्यात मला म्हणाले, "मॅडम, तडजोड करून टाका. कंपनी थोडं काही देईल. मागून धडकणारा नेहमी चुकतो, हे शाळेतल्या पोरालाही कळतं."

"मग शाळेतल्या पोरालाच साक्षीला आणा."

"नाही, ड्रायव्हरलाच आणलंय. सज्जन माणूस आहे. ऐकाल तेव्हा तुम्हालाही पटेल."

मी चेहरा पाडून "बघू" म्हणाले. मला हवा होता तोच साक्षीदार ते स्वतः घेऊन आले होते.

मुमताज बायकांच्या बाकावर बसली होती. सलीमनंतर ती सासऱ्यांबरोबर पंक्चरचं दुकान स्वतः चालवायची. नखांत काळं वंगण होतं आणि ते लपवायचा तिचा काही प्रयत्न नव्हता. युनूसभाई दारापाशी, भिंतीला टेकून. दोघांनी एकमेकांकडे पाहिलंसुद्धा नाही. ट्रॅक्टरचे मालक पुढच्या बाकावर, धोतर-टोपीत, निवांत.

ड्रायव्हरचं नाव बबन. पन्नाशी ओलांडलेला, पांढरा शर्ट इस्त्री केलेला. गावात सगळे त्याला तात्या म्हणत. सरतपासणीत, म्हणजे ज्यांचा साक्षीदार त्यांच्याच वकिलाने विचारलेल्या प्रश्नांना, त्याने नीट उत्तरं दिली. ट्रॅक्टर डाव्या बाजूने, हळू चालला होता. मागचा दिवा चालू होता. मोटारसायकल जोरात आली आणि आदळली. तो खोटं बोलत नव्हता, हे मला दिसत होतं. हीच माझी आशा होती.

मग मी उलटतपासणीला उठले.

"तात्या, ट्रॅक्टर किती वर्षं चालवताय?"

"आता त्येचा हिशेब न्हाय, बाई. मालकांचा ह्यो तिसरा ट्रॅक्टर माज्या हातात."

"याआधी कधी अपघात?"

"न्हाय. कोंबडी बी मेली न्हाय माज्या चाकाखाली."

"ट्रॉलीला मागे दिवा कुठे असतो?"

"फाळक्याच्या उजव्या कोपऱ्याला."

"आणि रिफ्लेक्टर?"

"दोन. दोनी कोपऱ्यास्नी येक येक. लाल. मीच बसवल्यात. रोज सकाळी फडक्यानं पुसतो."

पुण्याचे वकील माझ्याकडे कौतुकाने बघत होते. मी त्यांचीच केस मजबूत करत होते ना.

"ऊस भरताना शेंडा ठेवता का हो उसाला?"

"छ्या. शेंडा ठिवला तर कारखान्यात गाडी बाजूला लावत्यात. वाढं समदं फडातच तोडत्यात."

"मग त्या वाढ्याचं काय करतात?"

"जनावरास्नी घालत्यात की."

"तुमच्याकडे आहेत जनावरं?"

"येक म्हस हाय. मुऱ्हा." त्याचा चेहरा उजळला. "दोनी वक्ताला कासंडी भरती."

"साहेब," पुण्याचे वकील उठले, "म्हशीचा आणि अपघाताचा संबंध काय? बाई वेळ काढताहेत."

न्यायाधीशांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"साहेब, चार प्रश्नांत संबंध दिसेल. नाही दिसला तर मी खाली बसते."

"विचारा. पण म्हैस लवकर कोर्टाबाहेर न्या."

मागच्या बाकांवर हशा झाला. बबनतात्याही हसला. त्यालाही मजा वाटत होती.

"तात्या, हंगामात म्हशीला वैरण कुठली?"

"वाढ्याचीच. रोज भारा आनतो फडावरनं."

"एकच?"

"दोन. येक मला, येक मालकांच्या खोंडांस्नी. मालकच म्हनत्यात, फडावर जाताय तर आनत जावा."

पुढच्या बाकावरचे मालक आता निवांत बसलेले नव्हते.

"आणि एवढे भारे ठेवता कुठे? उसावर?"

"वर ऱ्हात न्हाय, बाई. चढाला घसारतंय. फाळक्याला आकडं हायती, त्येला टांगायचं."

"आकडे फाळक्यावर कुठे आहेत?"

बबनतात्याने दोन्ही हात पसरले आणि साक्षीच्या पिंजऱ्याच्या कठड्याचे दोन कोपरे धरले. "ह्या कोपऱ्याला येक. ह्या कोपऱ्याला येक."

"साहेब, साक्षीदाराने हाताने दाखवलं ते नोंदवून घ्यावं."

न्यायाधीशांनी टायपिस्टला सांगितलं. टाइपरायटर खडखडला. पुण्याचे वकील आता घड्याळाकडे बघत नव्हते. त्यांना कळलं होतं. बबनतात्याला अजून कळलेलं नव्हतं. तो म्हशीबद्दलच्या पुढच्या प्रश्नाची वाट बघत होता.

आम्हाला शिकवलेलं असतं की उलटतपासणीत ज्याचं उत्तर आपल्याला माहीत नाही तो प्रश्न विचारायचा नाही. रोज भारे असतात हे नोंदलं गेलं होतं. इथे थांबले असते तर शहाणपण ठरलं असतं. पण समोरचे वकील लगेच उठून म्हणाले असते, "रोजचं जाऊ द्या, त्या दिवशी भारे नव्हते ना?" आणि तात्याला सूचना मिळाली असती. मला त्या दिवशीचं हवं होतं, आणि उत्तर माहीत नव्हतं. तरीही मी विचारलं.

"तात्या, अपघाताच्या दिवशी एवढा गोंधळ झाला. पोलीस आले, गर्दी झाली. त्या दिवशी म्हैस उपाशी राहिली का?"

"उपाशी?" तो दुखावल्यासारखा म्हणाला. "का म्हून? आदी त्या दोघांस्नी जीपमधी घालून दवाखान्यात धाडलं. मग कारखान्यावरनं वळकीची बैलगाडी रिकामी चालली हुती, तिच्यावर दोनी भारं सोडून टाकलं. म्हनलं, पोलीस कवा येत्यात कवा न्हाय, मुकं जनावर का उपाशी ठिवायचं?"



"म्हणजे पोलीस यायच्या आधी तुम्ही भारे आकड्यांवरून सोडले."

"व्हय."

"धडक बसली तेव्हा भारे आकड्यांनाच होते."

"आकड्यांनाच की. दुसरं कुठं असनार?"

"माझं झालं, साहेब."

मी बसले. 

पुण्याचे वकील फेरतपासणीला उठले. म्हणजे उलटतपासणीत जे सांडलं ते भरून घ्यायला. घाईत त्यांनी विचारलं, "पण भारे असले तरी दिवा दिसतोच ना मागच्याला?"

"साहेब, उत्तर सुचवणारा प्रश्न आहे," मी म्हणाले. पण तात्याला माझी हरकत ऐकायला सवड नव्हती. तो पहिल्यांदाच विचारात पडला होता. त्याने कठड्यावरचे आपले दोन हात पाहिले. एक हात जिथे दिवा, तिथे होता.

"दिवा दिसाया पायजे असंल तर," तो सावकाश म्हणाला, "भारा वर घ्याया पायजे."

न्यायाधीशांनी तेही लिहून घेतलं.

व्हरांड्यात पुण्याचे वकील माझ्यापाशी थांबले. "ही म्हैस तुम्हाला कुणी सांगितली, मॅडम?"

"कुणी नाही. तुम्हीच साक्षीला आणलीत."

त्यांच्यामागून बबनतात्या आला. टोपी हातात.

"बाई, माजं काय चुकलं?"

मी त्याला सरळ सांगितलं. कोपऱ्यात दिवा, कोपऱ्यात रिफ्लेक्टर, आणि त्याच्यावर भारा. मागून येणाऱ्याला संध्याकाळच्या अंधारात ना लाल दिसलं, ना फाळका. हिरवं काळोखात काळंच दिसतं.

त्याने हातातली टोपी चुरगाळली. "मी रोज पुसायचो हो ती," म्हणाला. "चकचकीत ठिवायचो."

"माहीत आहे. तुम्ही सकाळी पुसायचात आणि दुपारी झाकायचात."

त्याने मान हलवली आणि मालकांकडे न जाता फाटकाबाहेर निघून गेला. माझ्या ओळखीच्या बऱ्याच साक्षीदारांपेक्षा तो प्रामाणिक माणूस होता. पण प्रामाणिक माणसाकडूनही हयगय होते, आणि कायद्याला तेवढंच विचारायचं असतं.

मुमताज माझ्यापाशी आली. "वकीलबाई, म्हंजी ह्यो झोप लागली म्हनत हुता ते?"

"झोप लागल्याची साक्ष कोर्टात कुणीही दिलेली नाही. दिवा झाकल्याची दिली. तुझ्यासमोर."

"निकाल लागंपतूर थांबायचं का?"

"पैशासाठी थांबायला लागेल. बाकीच्यासाठी काय करायचं ते तुझं तू ठरव."

ती भिंतीपाशी गेली. युनूसभाई काठी सावरत होते, आणि पिशवी दुसऱ्या हातात धरता येत नव्हती. तिने पिशवी ओढून घेतली.

"चल. कळंबची यष्टी चुकंल."

"तुला तर डाळजला जायचं," ते म्हणाले.

"आईला भेटून जाईन. चल, उगं हुबा ऱ्हाऊ नगंस."

ते दोघं स्टँडकडे गेले. मी आत जाऊन पुढच्या तारखेची नोंद करून घेतली.

युक्तिवादात विमा कंपनीने निम्मा-निम्मा दोष मागितला. हेडलाइट चालू असता तर भारा तरी दिसला असता, असं त्यांचं म्हणणं. मी म्हणाले, हेडलाइट बंद होता किंवा वेग जास्त होता याचा एकही पुरावा नाही. रिफ्लेक्टर लावायचा कायदा केला तो पुढचं वाहन मागच्याला वेळेवर दिसावं म्हणूनच. तो झाकून ठेवायचा आणि मागच्याला म्हणायचं की तू का नाही पाहिलंस, हे चालणार नाही.

एप्रिलच्या अखेरीला, उन्हाळी सुट्टी लागायच्या आधी, निकाल आला. दोष ट्रॅक्टरचा. मालकाला माहीत होतं, किंबहुना त्याच्याच सांगण्यावरून भारे आणले जात, हे न्यायाधीशांनी मुद्दाम नोंदवलं. भरपाई ट्रॅक्टरच्या विमा कंपनीने द्यायची. मोटारसायकलस्वाराची हयगय सिद्ध झालेली नाही, हे वाक्य मुमताजने मला दोनदा वाचायला लावलं, आणि तिसऱ्यांदा युनूसभाईंनी. पुढे इंदापूरच्या खटल्यातही बबनतात्याने हेच सांगितलं आणि युनूसभाई सुटले. कबूल केलं असतं तर हे सगळं त्यांच्या एका "झोप लागली असंल"खाली गाडलं गेलं असतं.

दोष शोधायला निघालं की आपण कुणीतरी केलेलं काहीतरी वेगळं, वाईट काम शोधत बसतो. मी तेव्हापासून आधी रोजचं काम शोधते. जे सगळेच करतात आणि कुणालाच दिसत नाही, ते.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या एसटीने लोणी भापकरला गेले. गाळप संपलं होतं, विलासची ट्रॉली दारात रिकामी उभी होती. मी स्टँडजवळच्या वेल्डरला सोबतच घेऊन गेले होते.

"वैनी, काय हे?" विलास अंगणात आला तेव्हा पहिला आकडा तुटून खाली पडला होता. "कोर्टात तुमी जिंकला न्हवं? मग आमच्या ट्रॉलीवर का राग?"

"राग नाही. आकडे पुढच्या बाजूला लावून घ्या, ट्रॅक्टरकडे."

"पुढं येकच भारा मावतोय."

"मग एकच आणा."

"आन दुसऱ्या म्हशीनं काय खायाचं?"

"तिला सांगा, वकीलबाईंनी मनाई आणली आहे."

दुसरा आकडा कापून होईपर्यंत मी तिथेच उभी राहिले. मग पदराने दोन्ही रिफ्लेक्टर पुसले, चहा घेतला आणि परतीच्या गाडीने बारामतीला आले. अकराला बांधाच्या भांडणाची तारीख होती.